सुपातली माती

आमच्या मामी घरातून राखसुद्धा पाखडल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाहीत. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. आमच्या घरात सासऱ्यांना मामाजी आणि सासूला मामी म्हणायची रीत. शेजारची दीपाली भांड्यांसाठी चुलीतली राख मागायला आली, तरी मामी आधी ती सुपात घेणार, कोळसे निवडणार, दोन झटके देणार आणि मगच तिच्या टोपल्यात ओतणार. "देल्लेल्या जिनसाले कोनी नाव ठेवलं नाई पाह्यजे," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या पाखडण्यापायी आमचं शेत गेलं, असं गाव म्हणतं. गावाला अर्धंच माहीत आहे.

शेत म्हणजे आमची खालची बांधी, दीड एकराची. आमचं गाव आरमोरीच्या पुढं, जंगलाला लागून. वरच्या अंगाला सगळी बरड, खाली नाला, आणि नाल्याच्या काठानं काळ्या कन्हार मातीच्या धानाच्या बांध्या. त्यातली आमची बांधी मामाजींच्या वडिलांनी पळसाचे खुंट खणून काढून केलेली. एकेका खुंटाला चार-चार दिवस लागले, हे मामाजी अजून सांगतात. मामाजींचं नाव मुखरू. ते माती जिभेवर ठेवून ओळखतात. चिमूटभर टाळूला लावायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि म्हणायचं, "जित्ती आहे."

पण तीन वर्षं त्या जित्या मातीत धान लाल पडत होतं. रोवणी झाली की पंधरा दिवसांत पानांवर तांबूस ठिपके यायचे आणि रोपं बसल्या जागी बसून राहायची. धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधाच्या पलीकडं, लच्छूभाऊची जरा उंचावरची बांधी मात्र हिरवीगार. येताजाता लोक दोन्हीकडं पाहायचे आणि आमच्या तोंडाकडं पाहायचे.

"पानी काढून टाक," मामाजी म्हणायचे. "एका बाजूनं धुरा फोड. आठ दिवस मातीले ऊन लागू दे."

"आनि मंग?" धनराज विचारायचा. धनराज माझा नवरा. "सोडलेलं पानी वापस कोन आनून देईन? आभाळ का आपल्या बापाचं आहे?"

"आभाळ नाई, पन शेत तुह्या बापाचंच आहे. म्हून सांगून राह्यलो."

अशात सुनिलभाऊ आला. त्याची नाल्याच्या पलीकडं वीटभट्टी आहे. तो म्हणाला, "वरची दोन-अडीच फूट माती मी उचलतो. तुमाले आयती बोडी भेटते. वरच्या बांध्याले पानी पुरन, वरतून मासोळ्या टाका." धनराजला हे फार पटलं. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. आमच्या वरच्या दोन्ही बांध्या पावसाच्या भरवशावर, आश्विनात पाण्यानं ओढ दिली की लोंब्या पोकळ राहतात. बोडी असती तर ते झालं नसतं.

खरं सांगायचं तर बोडी मलाही हवी होती. माझ्या माहेरी बोडी आहे. लहानपणी आम्ही बहिणी तिच्यात उतरून ओढणीनं झिंगे धरायचो. सासरी आल्यापासून मी विकतचे सुकट झिंगे खाते आहे. पण सुनेला कोण विचारतो?

बापलेकांनी महिनाभर बोलणं टाकलं. निरोप सगळे माझ्यामार्फत. "तुह्या मामाजीले सांग, मी आरमोरीले जाऊन राह्यलो." "तुह्या नवऱ्याले सांग, जाय म्हना." दोघं एकाच खाटेवर बसलेले असायचे.

त्या वर्षी मळणी आटोपल्यावर पुनम मॅडम गावात आल्या. त्या वरोऱ्याच्या, कापूस पिकवणाऱ्या घरातल्या. माती तपासायच्या एका प्रकल्पात कामाला. समाजमंदिरात सभा झाली. टेबलावर दोन यंत्रं ठेवली होती. एक डब्यासारखं, त्याच्या पोटात दिवा. दुसरं बंदुकीसारखं, मूठ असलेलं.

"या डब्यात मातीवर उजेड पडतो," मॅडम म्हणाल्या. "माती थोडा उजेड गिळते, थोडा परत टाकते. कोणता किती परत टाकला त्यावरून तिच्यात चिकण किती, रेती किती, कुजलेला पालापाचोळा किती, याचा अंदाज बांधता येतो. आणि हे दुसरं आहे ना, यातून एक्स-रे निघतात. लोह, जस्त, चुना किती आहे ते यात दिसतं. पहिल्यासारखं महिनोन् महिने थांबायचं काम नाही."

मामाजी पहिल्या रांगेत होते. ते उठले आणि धोतर वर करून पाय पुढं केला. "एक्सरे आहे तं माहा गुडघा पाहून दे ना, बाई. दोन वर्सापासून ठसठस करून राह्यला."

सगळं समाजमंदिर हसलं. मॅडमही हसल्या, पण त्यांनी हात आडवा धरला. "काका, मागं सरा. हे माणसावर लावायचं नाही."

मग त्यांनी माती कशी आणायची ते सांगितलं. बांधीत आठ जागी वीतभर खड्डा करायचा, कडेची माती घ्यायची, सगळी घमेल्यात मिसळायची, घरी सावलीत वाळवायची आणि पिशवी भरून आणायची. "काडी असो, मुळी असो, खडा असो, काहीच निवडायचं नाही. कुटणं-चाळणं आम्ही करू. जशी आहे तशी आणा." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत होते. दोन्ही वेळा मी ते ऐकलं. मामी सभेला आल्याच नव्हत्या, त्या घरी धान वाळत घालत होत्या.

धनराज उभा राहिला. "मॅडम, शेत मेलं का जित्तं आहे, हे सांगते का तुमची मशीन?"

"अंदाज सांगते. बऱ्यापैकी चांगला सांगते."

मामाजी बसल्या जागेवरून वळले. महिन्यात पहिल्यांदा त्यांनी पोराच्या तोंडाकडं पाहून शब्द काढला. "आयक. मशीननं मेलं म्हटलं तं ने म्हना सुनिलले माती. जित्तं म्हटलं तं मी हाओ तवरोक इटाचं नाव काढाचं नाई. मंजूर?"

"मंजूर," धनराज म्हणाला. सगळ्या गावासमोर ठरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बांधीत गेलो. मामाजी फावडं मारायचे, धनराज कडेची माती खरवडायचा, मी घमेलं धरायची. धानाची खुंटं पायाला टोचत होती. प्रत्येक खड्ड्यापाशी मामाजींनी चिमूटभर माती तोंडात टाकली. आठव्या खड्ड्यापर्यंत त्यांचे दात काळे झाले होते. "कन्हार आहे, बाप्पा. अस्सल," ते स्वतःशीच म्हणाले. घमेलं डोक्यावर घेऊन मी घरी आले आणि ओसरीच्या सावलीत माती पसरली. मुळ्या होत्या, बारके शिंपले होते, एक गांडूळही होतं. त्याला मी काडीनं उचलून मागच्या सांदवाडीत सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दीपालीची आई पाहुणी म्हणून आमच्याकडं बसायला आली. मी चहा घेऊन गेले. मामी तिला सांगत होत्या, "आमच्या सुनंच्या हातचा भात दात सांभाळून खा लागते, बाई. बारावी झाली, पन तांदळातला खडा दिसत नाई तिले." दोघी हसल्या. मीही हसले. मग आत जाऊन भाताचा गंज दाणकन चुलीवर ठेवला.

त्याच दुपारी मामींनी ती माती पाहिली. "हे असं न्याचं का मानसापुढं?" त्या म्हणाल्या. "काड्या काय, शिपल्या काय. लोकं म्हनतीन, वच्छलाच्या घरी सूप नाई."

त्यांनी अंगणात पोतं अंथरलं. ढेकळं मोगरीनं फोडून पार मऊ केली. शिंपले, मुळ्या, काड्या बोटांनी वेचून काढल्या. मग भिंतीवरचं जुनं सूप घेतलं, वाऱ्याला पाठ केली आणि माती पाखडायला बसल्या. मामींचं पाखडणं पाहण्यासारखं असतं, हे मी रागातसुद्धा कबूल करते. मनगट हलतं, खांदा हलत नाही. सूप वर गेलं की बारीक काळी धूळ उठायची आणि वाऱ्यावर सांदवाडीकडं जायची. सूप खाली आलं की जड दाणे मागं राहायचे. मामींचे केस काळे झाले, पापण्या काळ्या झाल्या. वाऱ्यावर चाललं होतं तेच शेत होतं. सुपात राहत होती ती रेती.

मी दारात उभी होते. जशी आहे तशी आणा, हे मॅडमचं बोलणं माझ्या कानात होतं. नुसतं म्हणायचं होतं, मामी, थांबा. एवढ्यानं झालं असतं. पण सकाळचं हसणं माझ्या पोटात होतं. मला वाटलं, करू दे. उद्या मॅडम सगळ्यांसमोर विचारतील, ही कोणी पाखडली? मग कळेल कोणाला काय दिसत नाही ते. मी एवढी कोती निघेन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं.

मामींनी एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी हलले नाही. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा पाखडायला लागल्या. घमेलंभर मातीची पिशवीभर उरली.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "रव्यावानी झाली."

दुसऱ्या दिवशी मामाजी पिशवी घेऊन गेले, मीही गेले, मामींची फजिती पाहायला. साठ जणांच्या साठ पिशव्या. कोणाच्या ओल्या, कोणाच्या शेण लागलेल्या. मॅडमनी आमची पिशवी उघडली, बोटानं माती चाळवली आणि म्हणाल्या, "किती छान वाळवली, काका." मग चिठ्ठी चिकटवून पुढच्या पिशवीला हात घातला. बस, एवढंच. मामाजी खूश होऊन परत आले आणि मामींना म्हणाले, "तुह्या हाताची तारीफ केली बाईनं." मामी पदरात हसल्या. मी त्या वेळीही बोलू शकत होते. पण आता बोलायचं तर आधी का बोलली नाहीस, हेही सांगावं लागलं असतं.

दहा दिवसांनी कार्ड आलं. घरात वाचणारी मी. ओसरीवर मामाजी, धनराज, मामी, सगळे बसले. मी वाचलं: रेतीचं प्रमाण फार जास्त. चिकण माती कमी. सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. जस्त कमी. सुपीकता अत्यल्प.

"म्हंजे?" मामाजींनी विचारलं.

"म्हंजे मेलं," धनराज म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. जिंकून तो घाबरल्यासारखा झाला होता.

मामाजींनी कार्ड हातात घेतलं. त्यांना वाचता येत नाही. उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "माही जीभच म्हातारी झाली असन," ते म्हणाले. "मशीन काऊन खोटी बोलन? तिले काय आपल्या शेताचं सोयरसुतक?"

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. हा अंदाज आहे. मोठा निर्णय घेण्यापूर्वी शेतातून पुन्हा नमुना घ्यावा. ती मी वाचली, पण मोठ्यानं वाचली नाही. पुन्हा माती आणली असती तर पहिली कशी बिघडली ते निघालं असतं. आणि बोडीही माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यातलं मोठं कोणतं ते मला आजही ठरवता येत नाही.

माघात जेसीबी आला. मामाजी पहाटेच बांधीत जाऊन बसले होते. त्यांनी धुऱ्यावर नारळ फोडला, चारी दिशांना तुकडे टाकले आणि बाजूला सरले. जेसीबीच्या दातांनी पहिला घास घेतला. माती आतून काळी, ओलसर, कापली तिथं चकाकत होती. ट्रॅक्टर भरून जाऊ लागले. मामाजींना घरी चला म्हटलं तर आले नाहीत. प्रत्येक ट्रॅक्टर धुऱ्यावरून चढताना ते उभे राहायचे आणि गेला की बसायचे.

दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तिसरा हिस्सा खणून झाला होता. सुनिलभाऊ हातात मातीचा गोळा घेऊन दाबत होता. "लोनी आहे, लोनी," तो धनराजला म्हणाला. "अशी चिकन माती ह्या पट्ट्यात नाई भेटत. इट अशी कडक येईन का हातोड्यानं नाई फुटाची."

चिकण. मी भाकरीची टोपली खाली ठेवली. कार्डावर चिकण कमी होती. समोर ती ट्रॅक्टरनं चालली होती. मी धनराजला बाजूला घेतलं.

"अहो, पुन्हा एकडाव तपासून पायली असती तं?"

"काऊन?"

खरं कारण जिभेवर होतं. "असंच," मी म्हटलं.

"असंच?" तो चिडला. "आता? मानसं लागले, मशीन लागली, सुनिलभाऊ उभा आहे आनि तू म्हन्ते असंच? जा, मामाजीले भाकर दे."

मी मामाजींना भाकर दिली. त्यांनी अर्धी खाल्ली, अर्धी धुऱ्यावर ठेवली आणि वर मातीचं एक ढेकूळ ठेवलं. चार दिवसांत बांधी संपली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला. त्यावर चाललं की पायाखाली करकर वाजायचं.

पावसाळ्यात बोडी भरली. धनराजनं वडसा गाठून मासोळीचं बीज आणलं, आम्ही सगळे काठावर उभे राहिलो आणि डबे ओतले. आठवड्यात पाणी गुडघ्यावर आलं, पुढच्या आठवड्यात घोट्यावर. मुरूम पाणी धरत नाही. धरणारी माती भट्टीत गेली होती. मासोळ्या चिखलात तडफडल्या आणि बगळ्यांनी खाल्ल्या. वरच्या बांध्यांना बोडीचं पाणी एकदाही मिळालं नाही.

"सांगतलं असतं तं समजलं असतं," मामाजी एवढंच म्हणाले. ते मुरमाबद्दल बोलत होते, मला ते माझ्याबद्दल वाटलं.

सुनिलभाऊनं थोड्या विटा अशाच आणून टाकल्या होत्या, त्यांची धनराजनं न्हाणी बांधली. मामाजींनी तिच्यात एकदाही अंघोळ केली नाही. थंडीतसुद्धा ते अंगणात दगडावर बसून अंगावर पाणी घ्यायचे.

पुढच्या मळणीनंतर पुनम मॅडम पुन्हा आल्या. या वेळी थेट आमच्या घरी. त्यांच्या हातात गावाचा नकाशा होता. नाल्याकाठी ओळीनं हिरवे ठिपके आणि मधोमध एक लाल.

"काका, हा तुमचा," त्या म्हणाल्या. "आजूबाजूची सगळी माती एकसारखी आणि तुमचीच एकटी वेगळी, हे मला पटत नव्हतं. आधीच यायला हवं होतं, पण दुसऱ्या तालुक्यात अडकले. आज मी स्वतः माती काढते. चला शेतात."

कोणीच उठलं नाही. धनराज म्हणाला, "मॅडम, शेत नाई आता. बोडी आहे. तेही नाई, खड्डा आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग धनराजनं सगळं सांगितलं. त्या खाटेवर बसल्या. बराच वेळ नकाशाची घडी करत राहिल्या, उलगडत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तेव्हा माती कशी काढली होती? मला पहिल्यापासून सांगा."

मामाजींनी आठ खड्डे सांगितले, घमेलं सांगितलं. मग मामी पुढं आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू होतं. "अन् मंग मी साफ केली, बाई. मोगरीनं फोडली, पाखडली. एक काडी नाई राहू देल्ली. तुमी तारीफ केल्ती ना?"

मॅडमनी नकाशा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "सूप कोणतं होतं, मावशी?"

मामींनी भिंतीवरचं जुनं सूप काढलं. माती पाखडल्यापासून त्यांनी ते धुतलं नव्हतं, धान्यालाही लावलं नव्हतं. "शेत गेलं, आता सुपाले लागलेलं काऊन धुवू?" असं मला म्हणाल्या होत्या. बांबूच्या विणीत काळी धूळ घट्ट बसली होती. मॅडमनी कोरा कागद अंथरला, सूप पालथं धरलं आणि पाठीवर हळूहळू बोटं मारली. चमचाभर धूळ पडली. ती त्यांनी छोट्या डबीत भरली, वर पातळ प्लास्टिक ताणलं. सगळ्यांना मागं सारलं आणि बंदूक लावली. मग दिव्याच्या डब्यात ठेवली. आम्ही ओसरीच्या कडेला रांगेत उभे होतो, दवाखान्यात उभं राहतात तसे.

"हा नुसता बारीक भाग आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "एकट्या यावरून खरं सांगता येत नाही. पण सगळं यातच आहे. चिकण यात, कर्ब यात, जस्त यात. माझ्याकडं आली ती यातलं निघून गेल्यावरची रेती. पिशवीतली आणि ही, दोन्ही मिळून तुमची माती होती."

"जित्ती होती?" मामाजींनी विचारलं.

"लच्छूभाऊंच्यासारखीच असणार. जस्त होतं, काका. पाणी सारखं साचून राहिलं की ते धानाला मिळत नाही, म्हणून पानं लाल. मधून आठ-दहा दिवस पाणी काढलं असतं तर..."

धनराज खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माहा बुडा बाप सांगत होता," तो म्हणाला. "तीन वर्स सांगत होता. चूक माही आहे."

"माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी सभेत सांगितलं आणि मोकळी झाले. प्रत्येकाच्या शेतात जायला हवं होतं."

"नाई, बाई," मामाजी म्हणाले. "माती माह्या तोंडात होती आनि मी कागदावर इस्वास ठेवला."

तिघांनी तीन चुका आपापल्या अंगावर घेतल्या. मी खांबाला धरून उभी होते. मला वाटलं आता आपली पाळी, आणि माझं तोंड उघडलं नाही. मामी सूप छातीशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. त्या कोणाकडंच पाहत नव्हत्या.

मॅडमनी ती डबी मामाजींच्या हातात दिली आणि गेल्या. मामाजींनी झाकण काढलं, एक चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. या वेळी ते थुंकले नाहीत.

त्या रात्रीचा भात मामींनी केला. दुसऱ्या घासाला मामाजींच्या दाताखाली खडा आला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं दुसरा. नऊ वर्षांत मामींच्या हातच्या भातात मी खडा पाहिला नव्हता. ताटं उचलताना मी कडेचे खडे मोजले, पाच होते.

सकाळी मामी ओसरीवर तांदळाचा ढीग पुढं घेऊन बसल्या होत्या. हात मांडीवर. नवं सूप बाजूला. मी जवळ गेले तसं त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं.

"आजपासून तू पाखडत जाय. माह्या हातानं नोको."

मी समोर बसले. रात्रभर जुळवलेलं सांगायला लागले. "मामी, त्या दिवशी मी..."

"हो ना," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तू दारातच उभी होतीस. कामधंदा टाकून पाहून राह्यली होतीस. सकाळी मी तुले पाहुनीसमोर बोल्ली होती, ते मले दिवसभर टोचत होतं. मले वाटलं, राग सोडून पोरगी शिकून राह्यली माह्यापासून. तुले नीट दिसावं म्हून मी आखीन दोन हात जास्त पाखडली."

त्या उठून आत गेल्या. मी तांदूळ सुपात घेतले. खडे शोधू लागले. मला एकही दिसेना.